देण्याजोगं नाही

१२ जून २००८, पांढरकवडा

नागपूरच्या पोटाच्या डॉक्टरांनी काल सरळच सांगून टाकलं. पियूषचं यकृत वाळून दगड झालं आहे. औषधांवर वर्षभर निघालं तर नशीब. उपाय एकच, दुसऱ्याच्या यकृताचा तुकडा कापून ह्याच्यात बसवायचा, आणि ते हैदराबादेत होतं. देणारा घरातला हवा. आई, बाप, भाऊ, बहीण नाहीतर बायको. रक्तगट जुळला पाहिजे आणि वय पंचावन्नच्या आत पाहिजे. देणाऱ्याचं यकृत काही महिन्यांत परत वाढतं म्हणे, पालीच्या शेपटीसारखं. ही उपमा माझी, डॉक्टरांची नाही.

मग त्यांनी पियूषला विचारलं, किती घेता? तो म्हणाला, कधीमधी. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, कृषी केंद्र चालवतो, कंपनीची माणसं येतात, बसावं लागतं. एकतीस वर्षांचं पोर काय रोज पितं? (रोज नाहीच. एकादशीला आणि पोळ्याला घेत नसे.) डॉक्टरांनी अट घातली, सहा महिने एक थेंब नाही. त्याशिवाय हैदराबादवाले हात लावणार नाहीत.

निघताना मी आणखी एक विचारलं. आमच्या तालुक्यात दर दोन-चार दिवसांनी कुणीतरी फवारणीचं औषध पिऊन जातं. टीव्हीवाल्यांच्या गाड्या येतात, पुढारी येतात, फोटो निघतात. एवढी यकृतं वाया जातात, त्यातलं एक माझ्या मुलाला का नाही मिळणार? डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाले, बाई, ते विष शरीरभर भिनतं, असं यकृत कोण घेणार. त्यावर हे म्हणाले, "आणि ते औषध आपल्याच दुकानातून जातं, कुंदा." परक्या माणसासमोर हे बोलायची काय गरज होती? नवऱ्याला भूमी अभिलेखमधून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली, पण खोचकपणा निवृत्त झालेला नाही. येताना गाडीत मी ह्यांच्याशी बोलले नाही.

१६ जून

शाळेच्या नोकरीत शिरगणतीचं काम मी तीन वेळा केलं आहे. आज घरातल्या यकृतांची शिरगणती केली.

पियूष ओ पॉझिटिव्ह. ह्या गटाला फक्त ओ गटाचंच चालतं. हे त्रेसष्ट वर्षांचे, वर साखर, रोजचं इन्सुलिन. बाद. आभा नागपूरला, रक्तगट बी. फोनवर खूप रडली, "आई, माझा गट जुळत नाही गं." रडताना तिचा जीव भांड्यात पडलेला मला ऐकू आला. मी तिची आई आहे. पियूषची चिऊ पाच वर्षांची. आणि बायको म्हणाल तर गौरी दोन वर्षांपासून माहेरी उमरखेडला आहे, फारकतीचा अर्ज कोर्टात आहे. तिला मोजायचा प्रश्नच नाही.

उरले मी. ओ पॉझिटिव्ह, त्रेपन्न वर्षं, दोन बाळंतपणांखेरीज दवाखान्याची पायरी चढलेली नाही. पियूष नुसता बघत राहिला. मी म्हटलं, अरे, आई कशाला असते? तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. लहानपणी ताप आला की असाच यायचा. मला भरून आलं. मैनाबाई भांडी घासायची थांबून दारात उभी होती. "बाई, तुमी देवमानूस हाय जी," म्हणाली. संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं होतं.

२६ जून

शाळा उघडली. हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर माझं नाव घेतलं, आई म्हणजे काय ते मुलींना दहा मिनिटं सांगितलं आणि शाल-नारळ दिला. मुलींनी टाळ्या वाजवल्या. "अजून दिलं नाही हो," मी म्हटलं, तर सगळे हसले. शाल चांगली आहे, हिवाळ्यात होईल. नववीच्या तासाला नकाशा उलटा लावला. नाश्ता केला नव्हता म्हणून असेल.

१० जुलै, हैदराबाद

दोन दिवस नुसत्या सुया, फोटो, मशिनी. आज एका बाईंनी मला एकटीला खोलीत बोलावलं आणि दार लावून घेतलं. ह्यांना बाहेर बसवलं. देणाऱ्याशी बोलायचं काम त्यांच्याकडे आहे. बाई मूळच्या नांदेडच्या, त्यामुळे मराठी. म्हणाल्या, ह्या खोलीतलं बाहेर जात नाही. मग कागदावर पोटाचं चित्र काढून चीर कुठून कुठपर्यंत जाईल ते दाखवलं. देणारे बहुतेक बरे होतात, पण दोनशे-तीनशेत एखादा दगावतो, हेही सांगितलं. मी विचारलं, तो एखादा कोण ते आधी कळतं का? नाही म्हणाल्या.

मी म्हटलं, माझ्यामागे ह्यांच्या इन्सुलिनचं कोण बघणार? रोज मीच टोचते. चिऊची वेणीफणी, शाळा कोण करणार? त्या म्हणाल्या, "आई, मी तुमच्याबद्दल विचारतेय." आम्ही अर्धा तास बसलो होतो. बाकीचं इथे लिहीत नाही, लिहिण्यासारखं काही नाही. बाई फार चांगल्या. माझा हात धरून बसल्या, पाणी दिलं.

चार वाजता मोठे डॉक्टर बाहेर आले. ह्यांना म्हणाले, "मदर का लिवर देने लायक नहीं है. हम कारण किसी को नहीं बताते." एवढंच म्हणून गेले. ह्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. लग्नाला तेहेतीस वर्षं झाली, चारचौघांत पहिल्यांदाच. मी रडले. खरंच रडले.

१४ जुलै

आधी कौतुक होतं, आता सहानुभूती आहे, आणि सहानुभूतीला माणसं जास्त येतात. कुणी केळी आणली, कुणी अंगारा. मैनाबाई म्हणाली, "देवाच्याच मनात नसंन, बाई. तुमी त तयार होत्या." हो, म्हटलं, मी तर तयार होते.

पियूषने एकदाच विचारलं. "काय कारण असंन, आई?"

"वय."

"पंचावन्न म्हटलं होतं ना डॉक्टरनं?"

"अरे, वरचं वय वेगळं, आतलं वेगळं." तो भिंतीकडे वळला. डोळे हळदीसारखे झालेत. त्याच्याकडे बघवत नाही, म्हणून मी त्याच्या खोलीत काम काढून जाते आणि काम झालं की निघते.

२१ जुलै

मी कागद टाकत नाही, ह्याबद्दल ह्या घरात माझी चेष्टा होते. आज कपाटातून गौरीच्या बाळंतपणाची फाईल निघाली. ओ पॉझिटिव्ह! वय आता अठ्ठावीस. मी फाईल घेऊन तशीच घनश्याम वकिलांकडे गेले. ते म्हणाले, हुकूम होईपर्यंत कायद्याने ती बायकोच. आठ ऑगस्टला सुनावणी आहे, पुढची तारीख घेऊ. तारीख घेण्यात आमच्या वकिलांचा हात धरणारा जिल्ह्यात कोणी नाही.

गौरी तशी वाईट नव्हती. उलट उत्तर द्यायची सवय होती, इतकंच. पियूषचा हात जरा जड, रागावला की भान नसतं. तिचा समोरचा दात पडला तेव्हा न्हाणीत घसरल्याचं तिने आपल्या तोंडाने डॉक्टरांना सांगितलं होतं. मी शेजारीच उभी होते. पुढे ती माहेरी गेली ती गेली. चिऊला आम्ही ठेवून घेतलं, भावाच्या दोन खोल्यांत पोरीचं काय झालं असतं? मागच्या वर्षी भेटायला आली तेव्हा मी दार उघडलं नाही, कारण चिऊची परीक्षा होती. पण आता मागचं काढण्यात अर्थ नाही. माणसाला माफ करता आलं पाहिजे, आणि मी तिला मनापासून माफ केलं आहे.

५ ऑगस्ट

पहाटेच रूपसिंगची सुमो काढून उमरखेडला गेलो. साडी, खण-नारळ, पेढे, सगळं रीतसर घेतलं. गौरी एका टायपिंगच्या क्लासमध्ये शिकवते. खटखटाटात उभी होती. आम्हाला बघून तिने आधी विचारलं, "चिऊ बरी आहे ना?"

घरी गेलो तर तिचा भाऊ अभिषेक पेढ्यांना हात न लावता दारात उभा राहिला. मी सगळं सांगितलं. हे मान खाली घालून बसले होते, बोलायचं काम नेहमीप्रमाणे माझ्याकडे. गौरीने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "आई, तुम्ही देणार होत्या ना?"

"माझं नशिबात नव्हतं गं."

"डॉक्टर काय म्हणाले? त्यांचे शब्द काय होते?"

शब्दांशी काय करायचं होतं हिला? पण मी सांगितले, जसेच्या तसे. लायक नाही, आणि कारण कुणाला सांगत नाहीत. ती बराच वेळ साडीच्या पुडक्याकडे बघत होती.

"येते मी," म्हणाली. "पण चिऊ माझ्याजवळ झोपंन. आणि तिचा ताबा माझ्याकडे, असा कागद कोर्टात करून द्यायचा."

"ऑपरेशन होऊ दे, मग देऊ."

"तपासणीच्या आधी."

"काहून चालली तू?" अभिषेक ओरडला. "दात विसरली का?" तिने त्याला हाताने गप्प केलं. ह्यांनी लगेच मान डोलावली. मी हिशेब केला, पोट चिरल्यावर ही कुठे जाणार आहे? चार-सहा महिने तर उठबस आमच्याच घरी. कागद कागदाच्या जागी राहील. म्हटलं, बरं.

२४ ऑगस्ट

गौरी आली. मी दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. गल्ली बघत होती, पण त्यासाठी नाही केलं. चिऊ आधी माझ्या पदराआड लपली. मग गौरीने पिशवीतून लाल रिबिनी काढल्या आणि ती गेली तिच्याकडे. दोन वर्षं मी वेणी घातली त्या पोरीची, आणि दोन रिबिनींत गेली.

"सूनबाई लय वाळली जी," मैनाबाई म्हणाली. खरंच आहे, नुसती काडी झाली आहे. असल्या काडीत यकृत ते किती असणार? हैदराबादच्या कागदावर देणाऱ्याने काय खावं ते छापलं आहे, तूप नको, तळण नको, गोड नको. वाचून हसू आलं. ज्याचा तुकडा काढायचा ते आधी भरायला नको? बाळंतिणीला आपण काय उपाशी ठेवतो? आजपासून सकाळी शिरा, जेवताना वाटीभर साजूक तूप.

२९ सप्टेंबर

गौरी म्हणाली, आई, त्या कागदात तूप नको लिहिलं आहे. मी म्हटलं, कागद लिहिणाऱ्याने सुना पोसल्या नाहीत. माझ्या डोळ्यांदेखत जेवायला बसवते. खाली मान घालून खाते बिचारी. तिला हल्ली मी मोरीवर जाऊ देत नाही, जड उचलू देत नाही. शिंकली तरी काळजात धस्स होतं. ह्यांनी काल विचारलं, "आपण हिला इतकं आधी का नाही जपलं?" मी म्हटलं, तेव्हा कुठे माहीत होतं.

३१ ऑक्टोबर

दिवाळी झाली. डिंकाचे लाडू केले, खारीक-खोबरं, गोडंबी, तूप हात न आखडता. गौरीचे गाल वर आले आहेत, वजन नऊ किलो वाढलं. गंमत म्हणजे आता तीच मागून घेते. "आई, आणखी एक द्या." आज तर चार खाल्ले. भाऊबीजेला अभिषेक आला होता, त्याने तिला हैदराबादचा तो खाण्याचा कागद दाखवून काहीतरी समजावलं, तर ती हसली. दोन वर्षांनी हसताना पाहिली. दाताची जागा दिसते.

पियूषच्या पायांवर सूज आहे. पोटातलं पाणी दर पंधरा दिवसांनी काढावं लागतं. पण नवं यकृत बसलं की दुकान पुन्हा उघडणार म्हणतो. रब्बीच्या हरभऱ्याच्या बियाण्याचं बोलत होता. त्याला बोलताना ऐकून मला वाटलं, होईल, सगळं नीट होईल.

१९ नोव्हेंबर

गौरीला दुकानात बियाण्याच्या रिकाम्या पोत्याखाली बाटली सापडली. अर्धी. तिने ती आणून माझ्यासमोर ओट्यावर ठेवली. मी म्हटलं, जुनी असेल. ती म्हणाली, वास बघा. तेवढ्यात पियूष भिंतीला धरून आला. ह्या दिवसांत त्याच्यात एवढी ताकद कुठून आली देव जाणे, पण तांब्या नेमका तिच्या कपाळाला लागला. चिऊ तिथेच होती.

तीन टाके पडले. डॉक्टरांना सांगितलं, दारावर आपटली. ह्या वेळी मीच सांगितलं. येताना रिक्षात मी तिचे पाय धरायचेच बाकी ठेवले. "हैदराबादला ह्यातलं काही बोलू नको गं. तो जाईल. तुझ्या एका शब्दाने जाईल."

"काय बोलणार आई? मले तिथं कोण विचारून राहिलं?"

माझ्या अगदी तोंडाशी आलं होतं की तिथे एकटीला विचारतात. बोलले नाही.

१० डिसेंबर

कोर्टात कागद झाला. पियूषला खुर्चीवर बसवून नेलं, त्याने सही केली, ह्यांनी साक्षीची. गौरीने कागद तीनदा वाचला, घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवला. परवा हैदराबाद. म्हणते, चिऊलाही बरोबर घ्यायचं. दवाखान्यात लेकरू कशाला? पण आता तिला नाही म्हणायचे दिवस नाहीत.

१६ डिसेंबर, हैदराबाद

तीच खोली, त्याच नांदेडच्या बाई. मी म्हटलं, मी हिच्यासोबत आत बसते, हिला हिंदी धड येत नाही. बाई म्हणाल्या, "मी मराठी बोलते, आई. तुम्हाला माहीत आहे." आणि दार लावलं.

मी बाहेर चिऊला घेऊन बसले. पियूष वर, पोटातलं पाणी काढत होते. अर्धा तास झाला, पाऊण झाला. मी किती वेळ बसले होते ते मला आठवत होतं. एक तास दहा मिनिटांनी गौरी बाहेर आली. डोळे कोरडे. चिऊला उचलून कडेवर घेतलं, एवढी मोठी पोरगी.

चार वाजता मोठे डॉक्टर आले. त्यांनी तोंड उघडण्याआधीच मला कळलं. त्यांची मान तशीच होती, हात तसेच खिशात. "वाइफ का लिवर देने लायक नहीं है. हम कारण किसी को नहीं बताते."

मदरऐवजी वाइफ, बाकी शब्दसुद्धा बदलला नाही. मी किंचाळले. सगळा व्हरांडा बघत होता. कारण कसं नाही सांगत? अठ्ठावीस वर्षांची धडधाकट मुलगी, चार महिने मी हातावर झेलली, तिला काय झालं आहे? मला कारण पाहिजे!

डॉक्टर शांत होते. म्हणाले, "अम्मा, आपके टाइम भी नहीं बताया था."

मग मी बाकावर जाऊन बसले. हे माझ्याकडे बघत होते. गौरीकडे नाही, माझ्याकडे. तेहेतीस वर्षं सातबारे तपासण्यात गेली ह्यांची. कुठे खाडाखोड आहे ते ह्यांना कागद उजेडात न धरताही कळतं.

१७ डिसेंबर

काल गाडीत लिहिता आलं नसतं, म्हणून आज घरी बसून लिहिते आहे.

पियूष मागच्या सीटवर आडवा होता, गुंगीत. निर्मलच्या अलीकडे रूपसिंगने धाब्यावर गाडी उभी केली. गौरी नळावर चिऊचे हात धूत होती. मी जवळ गेले. तिथे आम्ही दोघीच होतो.

"गौरी, खरं सांग. आत काय बोललीस?"

तिने चिऊचे हात पदराने पुसले. मग म्हणाली, "तुम्ही काय बोलल्या होत्या, आई?"

मी नळ बंद केला. तिला काही घाई नव्हती. थांबली, आणि मग म्हणाली, "यकृतावर चरबी निघाली असंन. तुम्ही खाऊ बी त किती घातलं." हे ती अगदी गोड आवाजात म्हणाली.

निर्मलच्या बसस्टँडवर अभिषेक उभा होता. तिथून त्यांना उमरखेडकडे जाता येतं. ती चिऊला घेऊन उतरली, तिची पिशवी रूपसिंगने काढून दिली. कपाळावर टाक्यांची खूण दिसत होती. ह्यांनी चिऊच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग, सगळ्यांसमोर, सुनेला हात जोडले. मी गाडीतून उतरले नाही. तिने पियूषकडे काचेतून एकदा पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. राग नव्हता.

"बाई, पोरगी टाटा करून राह्यली जी," रूपसिंग म्हणाला. मी हात हलवला.

आता लिहायचंच तर लिहिते. ही वही कोण वाचणार आहे? जुलैमध्ये त्या खोलीत मी नाही म्हटलं. दोनशे-तीनशेतली ती एखादी मीच असणार, असं मला वाटलं. पोटावरची ती रेघ कागदावर पाहिली आणि मला माझ्या मुलापेक्षा माझं पोट प्यारं झालं. बाई म्हणाल्या, काळजी करू नका, बाहेर कुणाला कळत नाही, डॉक्टर फक्त एवढंच सांगतात की देण्याजोगं नाही. मी त्यांचा हात धरून म्हटलं, तुमचे उपकार विसरणार नाही.

त्या गौरीलाही तेच म्हणाल्या असतील. तिनेही तसाच त्यांचा हात धरला असेल. पण ती नाहीच म्हणाली, हे तरी मला कुठे माहीत आहे? कदाचित हो म्हणाली असेल. कदाचित खरंच चरबी निघाली असेल. खोटं असेल तर ती माझ्यासारखी आहे. खरं असेल तर माझ्या लाडवांनी माझा मुलगा नेला. मी रात्रंदिवस देवाला मागते आहे की ती खोटं बोललेली असू दे.

२ जानेवारी २००९

हे माझ्याशी बोलत नाहीत. भांडण नाही, आवाज नाही, फक्त बोलत नाहीत. इन्सुलिन स्वतःच टोचून घेतात. पहिल्या दिवशी रक्त आलं, आता छान जमतं.

घर मोकळं आहे. वेणी घालायला कोणी नाही. चिऊची शाळेची पाटी मैनाबाईने मागितली, तिच्या नातीला पाहिजे म्हणून. देऊन टाकली.

२० जानेवारी

आज मला चौपन्न पूर्ण झाली. आभाचा फोन आला, दोन मिनिटं बोलली. शाळेतून बायकांनी मोगऱ्याचा गजरा पाठवला. शाल बाहेर काढली आहे, थंडी फार आहे.

पियूष आता मध्येच भलतं बोलतो. दुकानात गिऱ्हाईक उभं आहे म्हणतो. मध्येच अगदी शुद्धीवर येतो, तेव्हा जास्त वाईट. दुपारी असाच शुद्धीवर होता. हे पायथ्याशी वर्तमानपत्र घेऊन बसले होते. मी त्याला भाताची पेज भरवत होते, तेवढ्यात फोन वाजला. त्या नांदेडच्या बाई होत्या.

त्यांनी पियूषची तब्येत विचारली. मग आवाज खाली करून म्हणाल्या, "आई, मी नेहमी असा फोन करत नाही. करायचाही नसतो. पण तुमची फाईल माझ्यासमोर आहे. तुमचे सगळे रिपोर्ट चांगले आहेत. अजून पंधरा-वीस दिवस हातात आहेत. मन बदललं असेल तर फक्त हो म्हणा. मागचं कुणी विचारणार नाही."

खोलीत दुसरा आवाज नव्हता. पियूष माझ्या तोंडाकडे बघत होता. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं होतं. एकच अक्षर म्हणायचं होतं मला.

मी मोठ्याने म्हटलं, "नाही हो बाई. तुमच्या डॉक्टरांनीच सांगितलं ना, माझं देण्याजोगं नाही म्हणून."

"ठीक आहे, आई," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला. हे उठले, चप्पल घातली आणि बाहेर निघून गेले.

मी वाटी उचलली. घास चुकला, पेज पियूषच्या हनुवटीवरून गळ्यात गेली. मी पदराने पुसली. त्याने माझं मनगट धरलं. नुसती हाडं उरली आहेत हातात, पण पकड अजून आहे.

"कोण होतं?"

"दवाखान्यातून. चौकशी करून राहिल्या होत्या."

"तू काहून रडून राहिली मग?" तो म्हणाला. "तू नको वाईट वाटून घेऊ, आई. तू त तयार होती."

हो रे, म्हटलं, मी तर तयार होते.